टक्, कर्र आणि घूं : एका म्हाताऱ्या ध्वनियंत्राची चिकित्सा

आमच्या घरांत अकरा कॅसेटी आहेत. आमच्या आत्याबाई म्हणत असत त्या जात्यावरच्या ओव्या, भोंडल्याचीं गाणीं आणि पहांटेच्या भूपाळ्या आमच्या थोरल्या बंधूंनीं १९८४ सालच्या नवरात्रांत व त्याच वर्षींच्या दिवाळींत या फितींवर ध्वनिमुद्रित करून ठेविल्या. आत्याबाई १९९१ मध्यें निवर्तल्या. त्यांचें छायाचित्र घरांत एकच, आणि तेंही इतकें पुसट कीं नातवंडांस त्यांत नऊवारी लुगड्याखेरीज कांहींच दिसत नाहीं. उरला आहे तो आवाज. तो ज्या फितींवर उरला आहे त्या चार मिलिमीटरांहूनही कमी रुंदीच्या. साठ मिनिटांच्या कॅसेटींत अशी सुमारें ८६ मीटर पट्टी गुंडाळलेली असते. चाळीस पावसाळ्यांनंतर तिच्यावर बुरशी धरूं लागली, आणि प्रत्येक वेळीं वाजविणें म्हणजे ती थोडी झिजविणेंच होय. शिवाय दादांचें वय आतां ब्यायशी. त्यांस दिवसेंदिवस ऐकूं कमी येतें. तेव्हां जें करावयाचें तें आतांच, असें आम्हीं ठरविलें.

ऑक्टोबर २०२५ मध्यें विंडोज १० ची देखभाल थांबली, त्या निमित्तानें घरांत नवा लॅपटॉप आला होता. कॅसेटचा आवाज संगणकांत उतरवून घ्यावयाचा तर मध्यें एक यंत्र लागतें. त्यास ऑडिओ इंटरफेस म्हणतात. आमच्या पुतण्यानें तें २०११ सालीं आपल्या गाण्याबजावण्याच्या हौसेसाठीं घेतलें होतें. मुलें त्यास पेटी म्हणूं लागलीं. परंतु आमच्या घरांत पेटी म्हणजे हार्मोनियम, आणि तिजवरून एकदां घोंटाळा झाल्यापासून आम्ही या यंत्रास डबी म्हणतों.

पहिल्याच संध्याकाळीं आत्याबाईंचा आवाज खोलींत उमटला, आणि त्याबरोबर टक्, मग कर्र, आणि या दोहोंच्या खालून एक अखंड घूं. जुन्या संगणकावर हें कधीं झालें नव्हतें. पुतण्या म्हणाला, "काका, डबी म्हातारी झाली. यंत्राचीं चौदा वर्षें म्हणजे माणसाचीं नव्वद. नवी मागवूं." आमच्या स्वतःच्या वयाची पासष्टी झालेली असल्यामुळें हा युक्तिवाद आम्हांस फारसा रुचला नाहीं.

पाणिनीय शिक्षेंत वाईट पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत. कोणी घाईनें म्हणणारा, कोणी मान हालविणारा, कोणी अर्थ न जाणणारा, कोणी क्षीण आवाजाचा. पाठशाळेंत आमचे गुरुजी "तुझा पाठ वाईट आहे" असें कधीं म्हणत नसत; सहांपैकीं कोणता दोष तें सांगत, कारण घाईवरचा उपाय क्षीण आवाजास लागू पडत नाहीं. डबीच्या बाबतींत आम्हीं हेंच करावयाचें ठरविलें. नवें यंत्र घेण्यापूर्वीं जुन्याचा दोष कोणता तें पाहावें. तो दोष डबीचा नसला तर नवी डबीही तितकीच कुरकुरेल, आणि पैसे मात्र गेलेले असतील.

पहिला प्रश्न असा कीं आवाज राहतो कोठें? याची परीक्षा सोपी आहे. संगणकांत उतरविलेला एखादा अर्ध्या मिनिटाचा तुकडा तीन वेळां ऐकावा. टक् तिन्ही वेळां त्याच अक्षरावर आला तर तो मुद्रणांत लिहिला गेला आहे. दर वेळीं जागा बदलली तर तो केवळ ऐकतांना निर्माण होत आहे आणि मूळ मुद्रण निर्दोष आहे. मुद्रणांत तो आहेच असें ठरलें तर तोच भाग फितीवरून दुसऱ्यांदा उतरवावा. दुसऱ्या प्रतींत टक् निराळ्या जागीं पडला तर दोष डबीचा, तारेचा किंवा संगणकाचा; त्याच जागीं पडला तर तो फितींतच आहे. एवढ्या दोन परीक्षांनीं आमचे दोन दिवस गेले, परंतु पुढचे पंधरा वांचले.

आमच्या टक्-मध्यें दोन जाती निघाल्या. एक जात नियमित होती. आम्हीं हातांतील घड्याळ लावून पाहिलें तों ती दर सव्वा मिनिटास एकदां येई, आणि ती फक्त ऐकतांना. नियमितपणा दिसला कीं घड्याळाचा संशय घ्यावा. ही डबी आवाजाचे सेकंदास ४४,१०० नमुने घेते. माणसाच्या कानास सेकंदास सुमारें वीस हजार कंपनांपलीकडचें ऐकूं येत नाहीं. तेथवरचा ध्वनि टिपावयाचा तर त्याच्या दुपटीहून थोडे अधिक नमुने लागतात, आणि १९८२ मध्यें बाजारांत आलेल्या सीडीनें हा आंकडा रूढ केला. हे नमुने मोजण्यास डबीमध्यें स्फटिकाचें एक सूक्ष्म घड्याळ असतें. लॅपटॉपच्या स्वतःच्या कर्ण्यांसाठीं दुसरें. भिंतीवरचीं दोन घड्याळें कधीं एक वेळ दाखवितात काय? दहा लाखांत अवघ्या विसांचा फरक धरला तरी सेकंदास जवळजवळ एका नमुन्याची चूक पडते. ती सांचत जाते आणि पुरेशी सांचली कीं संगणक कांहीं नमुने गाळून हिशेब जुळवितो. तोच टक्. आम्ही डबीतून आवाज घेत होतों आणि लॅपटॉपच्या कर्ण्यांतून ऐकत होतों. कानाचे कर्णे डबीसच जोडले, सर्व कारभार एका घड्याळावर आला, आणि ती जात नाहींशी झाली. खर्च शून्य. याच वेळीं असेंही आढळलें कीं मुद्रणाच्या कार्यक्रमांत ४४,१०० आणि विंडोजमध्यें ४८,००० असा निरनिराळा आंकडा होता. तोही सर्वत्र एकच केला.

दुसरी जात अनियमित, आणि ती मुद्रणांत उतरत होती. तिचें कारण समजावून घेण्यास पंगत डोळ्यांपुढें आणावी. जेवणारा एका लयींत घांस घेत आहे. वाढपी आहे संगणक. त्यास हें एकच पान सांभाळावयाचें नसतें. वाय-फाय, विषाणूंची तपासणी, पुतण्याचे पत्रव्यवहार अशीं पन्नास पानें त्याच्या वांट्यास असतात. पानांतला भात संपण्याच्या आंत तो परत आला तर कोणास कांहीं कळत नाहीं. पान क्षणभर रिकामें राहिलें कीं टक्. मुद्रणांत हेंच उलट होतें: नळ एकसारखा वाहत आहे, भांडें वेळेवर उचललें नाहीं तर पाणी सांडतें, आणि सांडलेलें परत मिळत नाहीं. एका खेपेस किती वाढावयाचें तें ठरवितां येतें. त्यास बफर म्हणतात. आमच्या पुतण्यानें तो ६४ नमुन्यांवर ठेविला होता. म्हणजे वाढप्यास सेकंदास सुमारें ६८९ खेपा! त्यानेंही तें उगाच केलें नव्हतें. स्वतः वाजवितांना आपलाच स्वर उशिरा ऐकूं आला तर हात चुकतो, म्हणून वाजविणारास बफर लहान हवा असतो; ६४ चा उशीर दीड सहस्रांश सेकंद, तर १,०२४ चा २३ सहस्रांश. परंतु आत्याबाई १९८४ मध्येंच गाऊन मोकळ्या झाल्या आहेत. त्यांस कसली घाई? आम्हीं बफर १,०२४ केला, खेपा ४३ वर आल्या, आणि दहांपैकीं नऊ टक् तेथेंच थांबले.

उरलेल्या एकाचें मूळ एका जोडपट्टींत सांपडलें. लॅपटॉपला यूएसबीच्या खांचा थोड्या, म्हणून डबी, बाहेरची डिस्क आणि कोणाचा तरी मोबाइल अशीं तिघें एकाच जोडपट्टीवर बसलीं होतीं. यूएसबीची जुनी खांच ५ व्होल्टांवर अर्धा अँपिअर देते. तेवढ्यांत तिघांनीं जेवावयाचें! डबीस स्वतंत्र खांच दिली, वीज वांचविण्यासाठीं यूएसबीस डुलकी घेऊं देण्याची विंडोजमधील सोय बंद केली, आणि मुद्रण चालू असेतों वाय-फाय मिटविला. हें शेवटचें कलम घरांतील तरुण मंडळीस फार जाचक वाटलें, म्हणून मुद्रणाची वेळ पहांटेची ठरली.

घूंविषयीं फार लिहिण्यासारखें नाहीं. आपल्या घरांतील वीज सेकंदास पन्नास आंदोलनांची. डबी एका भिंतीच्या बटणपट्टीवर आणि लॅपटॉप दुसऱ्या भिंतीच्या, असें झालें कीं पृथ्वीच्या तारांचा फेरा पडून ती गुणगुण आवाजांत शिरते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालविला, घूं थांबलें. सर्व दोऱ्या एकाच पट्टीवर घेतल्यावर चार्जर लावूनही तें परत आलें नाहीं. मात्र एक गोष्ट आग्रहानें सांगितली पाहिजे. घूं घालविण्यासाठीं प्लगचा तिसरा, पृथ्वीचा कांटा मोडून टाकणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. असें प्राण गेले तरी करूं नये, कारण तें केल्यानें प्राण जाण्याचाच संभव असतो.

बटण फिरवितांना जी खरखर होते ती बटणाच्या पोटांतील धुळीची व गंजाची. वीज बंद करून बटण या टोंकापासून त्या टोंकापर्यंत तीस-चाळीस वेळां फिरवावें. पुष्कळदां एवढ्यानें भागतें. न भागल्यास विजेच्या जोडांसाठीं म्हणून मिळणारा फवारा वापरावा. शिवणयंत्राचें तेल घालूं नये. आमच्या सौभाग्यवतींनीं तें काढून आणलेंच होतें.

आतां कर्र. ही अर्ध्या तासानें सुरू होई, डबीस कॅसेटयंत्र जोडलेलें नसलें तरी होई, आणि डबी थंड झाली कीं जाई. तापल्यावर येणारें दुखणें हें खरोखरच वार्धक्याचें. डबीस भिंतीवरून वीज आणून देणारा अडॅप्टर आमच्याकडे गाद्यांच्या कपाटामागें कोंडलेला असे. चौदा उन्हाळे त्यानें तेथें काढले. बाजारपेठेंत रेडिओ दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर आहेत. त्यांनीं तो उघडून दाखविला. आंतील दोन कंडेन्सरांचीं डोकीं फुगलीं होतीं. या जातीच्या कंडेन्सरांत एक द्रव असतो, तो उष्णतेनें वर्षानुवर्षें सुकत जातो. स्थूलमानानें असें समजतात कीं उष्णमान दहा अंशांनीं कमी ठेविलें तर त्यांचें आयुष्य दुप्पट होतें. म्हणजे गाद्यांच्या कपाटानें आमच्या अडॅप्टरचें निम्मेंअधिक आयुष्य खाल्लें होतें. कारागिरांनीं दोन्ही बदलले. मजुरी घेतली ती एका कॉफीच्या दुकानांतील दोन पेल्यांच्या किंमतीहून कमी. हा उपद्व्याप घरीं करूं नये. अडॅप्टरच्या पोटांत वीज बंद केल्यावरही धक्का देण्याइतका सांठा राहतो.

दुसरा अडॅप्टर लावणारांसही एक इशारा. व्होल्ट तंतोतंत तेच हवे, अँपिअर तितके किंवा अधिक, आणि टोंकाचें धन-ऋण जुळलें पाहिजे. कांहीं डब्यांस तर एकदिश वीज चालतच नाहीं, उलटसुलट वाहणारी लागते. पुतण्यानें घाईंत वाय-फायच्या यंत्राचा बारा व्होल्टांचा अडॅप्टर नऊ व्होल्टांच्या आमच्या डबीस लावण्यास हात पुढें केला होता. तो हात आम्हीं वेळींच धरला.

इतकें झाल्यावर डबी निमूट झाली, आणि आम्हीं पहांटे एकेक फीत उतरवून घेतली. पहिल्या पांच फिती स्वच्छ उतरल्या. सहावींत पुन्हां तडतड! बारीक, अनियमित, मधूनच एखादा मोठा टक्. पुतण्यानें सांगितलें कीं असे टक् वेंचून काढणारे संगणकाचे कार्यक्रम असतात, आणि एका प्रतीवर त्यानें तो चालविलाही. तडतड बरीच गेली. परंतु आत्याबाईंचे टकार व ककार बोथट झाले. यांत आश्चर्य नाहीं; क-पासून म-पर्यंतच्या वर्णांस आपण स्पर्श म्हणतों, कारण जीभ किंवा ओठ क्षणभर मिटून सुटतात; त्या सुटण्याचा ध्वनि आणि यंत्राचा टक् यांत त्या कार्यक्रमाची गल्लत झाली होती. म्हणून आमची विनंति अशी कीं पहिली उतरविलेली प्रत जशीच्या तशी बाजूस ठेवावी, आणि सफाईचे सारे प्रयोग तिच्या नकलेवर करावे. सीडीच्या मापाच्या तासाभराच्या मुद्रणास ६३५ मेगाबाइट जागा लागते. आजच्या काळीं ती कांहींच नव्हे.

आम्हीं सहावी फीत पुन्हां उतरवून पाहिली. तडतड त्याच त्याच अक्षरांवर. म्हणजे ती डबींत नव्हती, फितींत होती. बुरशी असेल म्हणून फीत तपासली, तों ती इतरांहून स्वच्छ. शेवटीं दादांकडे गेलों. त्यांस कानाचे कर्णे लाविले. आत्याबाई त्यांस ऐकूं आल्या, तडतड मात्र आली नाहीं. बारीक तीक्ष्ण ध्वनि वयाबरोबर आधीं जातात. आम्हीं कागदावर लिहून विचारलें कीं ही फीत कोठें भरली होती?

दादा म्हणाले, "सोंवळ्यांत होती ती. स्वयंपाकघरांत यंत्र आणूं देईना. मग मीं तें उंबऱ्यावर ठेविलें. ती चुलीपुढें बसून अनारसे तळत होती आणि म्हणत होती. लांकडें ओलीं होतीं त्या वर्षीं."

सफाई केलेली प्रत आम्हीं पुसून टाकिली. दादांनीं सहावी फीत त्या दिवशीं दोनदां ऐकली. आतां नववी तेवढी राहिली आहे. तिच्यांतील नमद्याची गादी गळून पडल्यामुळें फीत दुसऱ्या कॅसेटच्या घरांत घालावी लागेल. तें काम पुतण्या येत्या रविवारीं करणार आहे.