गिगादेइन

गिगादेइन हा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या जपानी रोल-प्लेइंग व्हिडिओ गेम मालिकेतील विजेचा एक प्रबळ मंत्र आहे. मंत्र उच्चारताच आकाशातून शत्रूंवर वीज कोसळते. १० फेब्रुवारी १९८८ रोजी जपानमध्ये प्रकाशित झालेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’ या खेळात तो प्रथम आला आणि पुढील अनेक भागांत कायम राहिला. अलीकडच्या इंग्रजी आवृत्त्यांत त्याला ‘काझॅप’ म्हणतात. मालिकेत संहारक मंत्र इतरही आहेत; गिगादेइनचे वेगळेपण तो कोणाला वापरता येतो यात आहे.

नाव आणि मंत्रकुल

या मालिकेतील मंत्रांची नावे खेळाचे रचनाकार युजी होरी यांनी घडवलेल्या एका स्वतंत्र परिभाषेत आहेत. एका कुलातील मंत्रांचे मूळ नाव सारखे असते आणि शक्ती वाढते तसे त्याचे रूप बदलते. अग्नीचे मंत्र मेरा, मेरामी, मेराझोमा असे चढत जातात. येथे फरक शब्दाच्या शेवटी होतो. विजेच्या कुलात मात्र ‘देइन’ हा भाग शेवटी स्थिर राहतो आणि बदल आरंभी होतो. रायदेइनमधील ‘राय’ हा मेघगर्जनेसाठीचा जपानी शब्द आहे. गिगादेइनमधील ‘गिगा’ हा अब्जपट दर्शवणारा, संगणकाच्या परिभाषेतून सर्वांना परिचित झालेला उपसर्ग आहे. नंतर आलेल्या मिनादेइनमधील ‘मिना’ म्हणजे ‘सगळे’. नुसते ‘देइन’ हे या कुलातील सर्वांत सौम्य रूप बरेच उशिरा आले.

युशाचा मंत्र

‘ड्रॅगन क्वेस्ट ३’मध्ये खेळाडू चौघांचा चमू बांधतो. योद्धा, जादूगार, पुरोहित, व्यापारी असे साथीदार तो स्वतः निवडतो आणि पुढे धर्मा नावाच्या मंदिरात त्यांचा पेशाही बदलू शकतो. जादूगाराला पुरोहिताचे मंत्र शिकवता येतात, पुरोहिताचा योद्धा करता येतो. हे स्वातंत्र्य फक्त ‘युशा’ला, म्हणजे नियतीने निवडलेल्या वीराला नाही. त्याचा पेशा बदलत नाही आणि इतर कोणाला युशा होता येत नाही. रायदेइन आणि गिगादेइन हे मंत्र या युशापुरतेच राखून ठेवलेले आहेत. गिगादेइन तो बऱ्याच वरच्या पातळीवर शिकतो. मंत्रासाठी जादूशक्ती भरपूर खर्च होते आणि युशाकडे जादूगाराइतका साठा नसतो; त्यामुळे तो ऊठसूट वापरण्याचा मंत्र नव्हे. खेळाच्या अखेरीस युशाला ‘रोतो’ ही पदवी मिळते आणि पहिल्या दोन भागांतील नायक ज्याचे वंशज म्हणवतात तो पूर्वज हाच, असे उघड होते. गंमत अशी की, १९८६ च्या मूळ पहिल्या भागात अवघे दहा मंत्र होते आणि त्यांत हा वारशाचा मंत्र नव्हताच.

१९९० च्या चौथ्या भागात मिनादेइनची भर पडली. साथीदारांची शक्ती एकवटून युशा हा मंत्र उच्चारतो. युशाची वीज येथे प्रथमच एकट्याची राहिली नाही.

पाचवा भाग

या संकेताचा सर्वांत परिणामकारक उपयोग २७ सप्टेंबर १९९२ रोजी आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट ५’ मध्ये झाला. नायक लहानपणी वडिलांबरोबर भटकत असतो. वडील दंतकथेतील युशाच्या शोधात असतात. नायकाच्या डोळ्यांदेखत त्यांचा मृत्यू होतो, आणि नायकाला दहा वर्षे गुलामीत काढावी लागतात. सुटकेनंतर तो वडिलांचा शोध पुढे चालू ठेवतो. आधीचे भाग खेळलेला खेळाडू साहजिकच धरून चालतो की, हा युशा म्हणजे नायक स्वतःच. परंतु दिव्य तलवार त्याला पेलत नाही. पातळी वाढत जाते तसे तो बागी, बागिमा, बागिक्रॉस हे वाऱ्याचे मंत्र शिकतो. वीज काही त्याच्या वाट्याला येत नाही. पुढे त्याला जुळी मुले होतात, आणि तलवार पेलणारा व रायदेइन, गिगादेइन शिकणारा युशा हा त्याचा मुलगा ठरतो. एरवी कोरडी वाटणारी मंत्रांची यादी येथे कथा सांगते. खेळाडूने ज्याच्या नजरेतून सारे जग पाहिले तो युशाचा पिता आहे, हे संवादांइतकेच या यादीतूनही कळते.

पुढील भाग

१९९५ च्या सहाव्या भागात युशा हा एक पेशा झाला. आवश्यक पेशांत पारंगत झालेल्या कोणाही साथीदाराला तो स्वीकारता येतो. नायकाला त्यासाठीची अट तुलनेने सौम्य आहे. अशा रीतीने विजेची मक्तेदारी बरीच सैल झाली. गिगास्लॅश हे विजेने भारलेले तलवारीचे कौशल्यही याच भागातले. २०१७ च्या अकराव्या भागात युशाची कल्पना पुन्हा कथेच्या केंद्रस्थानी आली आणि तिच्यासोबत देइन, रायदेइन, गिगादेइन ही चढती मालिकाही.

इतर माध्यमांत

रिकू सान्जो यांचे लेखन आणि कोजी इनादा यांची चित्रे असलेल्या ‘दाय नो दायबोकेन’ (१९८९–१९९६) या मांगामध्ये विजेला ढग लागतात. दाय हा बालवीर प्रथम एकट्याच्या बळावर रायदेइन साधू शकत नाही. त्याचा जादूगार मित्र पॉप आधी मंत्राने पर्जन्यमेघ जमवतो, मग दाय वीज तलवारीवर उतरवतो. उलट त्याचा पिता बारान सहजपणे गिगादेइन तलवारीवर घेऊन ‘गिगाब्रेक’ हा प्रहार करतो. पितापुत्रांतील अंतर वाचकाला त्यावरून लगेच समजते.

‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’ या खेळात २०१९ मध्ये ‘हीरो’ हे पात्र आले. त्याचा एक हल्ला जितका वेळ रोखून धरावा तितका तो झॅप, झॅपल, काझॅप असा वाढत जातो. या पात्राला तिसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि अकराव्या भागांतील नायकांची रूपे आहेत. पाचव्या भागाचा नायक त्यांत नाही.