धमनीचं अस्तर

शहापूर तालुक्यातल्या तानसा धरणाचं पाणी 1892 पासून मुंबईला जातंय. त्यामुळे मोठी जलवाहिनी फुटली की काय होतं, हे शहापूरकरांना वेगळं सांगायला नको. पोटातही अशीच एक वाहिनी असते. मणक्याला लागून खाली उतरणारी महाधमनी. व्यास साधारण 2 सेंटिमीटर. बेंबीपाशी तिचे दोन फाटे होऊन एकेका पायाकडे जातात. वय, रक्तदाब आणि मुख्य म्हणजे विडी-सिगारेट यांनी तिची भिंत सैलावते, फुगते. फुगवटा साडेपाच सेंटिमीटरला पोचला की पुरुषांच्या बाबतीत ऑपरेशनचा विषय निघतो. फुटलाच, तर वाचणारे थोडेच. आइन्स्टाइन यानंच गेले. 1948 मध्ये त्यांच्या फुगवट्याभोवती चक्क सेलोफेन गुंडाळलं होतं. 1955 मध्ये तो फुटला.

पुढे पोट उभं चिरून, धमनीला वरखाली चिमटे लावून कापडी नळी शिवायची पद्धत रुळली. टाके होईपर्यंत पायांचा रक्तपुरवठा बंद. मग दुर्बीण आली. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी 1972 मध्येच ती हाती घेतली आणि 1990 मध्ये पित्ताशय काढून दाखवलं. पण पित्ताशय कापून काढायचं असतं, महाधमनी शिवायची असते. तीही लांब दांड्याच्या सुईधारकानं, पडद्याकडे बघत, घड्याळाशी शर्यत लावून. जगात काहींनी ते साधलं. माझ्या मते ती उस्तादांचीच वाट राहिली.

बाजी मारली जांघेतल्या वाटेनं. 1990 मध्ये ब्युनॉस आयर्समध्ये हुआन पारोदी यांनी जांघेच्या धमनीतून कापडी नळी वर सरकवली आणि फुगवट्याच्या आत बसवली. खणून नळ बदलण्याऐवजी नळातच नवा नळ! आजचा स्टेंट ग्राफ्ट दिसतो लेंग्यासारखा, फक्त एक पाय आखूड. त्या पायाचा उरलेला भाग दुसऱ्या जांघेतून आणून आत जोडतात. कापड पॉलिएस्टरचं किंवा टेफ्लॉनच्या जातीचं. सांगाडा बहुधा निटिनॉलचा, म्हणजे निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूचा. घडी करून 6-7 मिलिमीटरच्या म्यानात कोंबला तरी म्यान मागे ओढताच मूळ आकारात उमलतो. आधी बारीक तार वर जाते, तिच्यावरून म्यान. सगळा प्रवास क्ष-किरणांच्या पडद्यावर. मूत्रपिंडांच्या धमन्यांची तोंडं झाकली जाऊ नयेत म्हणून मिलिमीटरचा हिशोब. एवढं करूनही कडेनं रक्त झिरपू शकतं, म्हणून पुढे आयुष्यभर तपासण्या.

लेंगा मापाचाच लागतो आणि माप सीटी स्कॅनवरून घेतात. किंमत लाखांत. त्यात अंतराची अडचण. शेजारच्या मुरबाडला रेल्वे नाही. तिथल्या टोकावडे गावच्या म्हाताऱ्याला आधी कल्याण गाठायचं, मग ठाणे-मुंबई. फुटलेल्या धमनीला एवढी सवड नसते. म्हणून शहापूर-मुरबाड या दोन तालुक्यांपुरतं बोलायचं तर सगळ्यात मोलाचं हत्यार सोनोग्राफीचं मशीन. ना सुई, ना चीर. फुगवटा दिसायला काही मिनिटं पुरतात. अडचण एवढीच, की फुगवटा बहुधा दुखत नाही, त्यामुळे त्यासाठी कोणी तपासायला जात नाही.

घरात पासष्टी ओलांडलेले, कधीकाळी विडी ओढलेले आजोबा असतील आणि मुतखड्यासाठी का होईना त्यांच्या पोटाची सोनोग्राफी ठरली असेल, तर डॉक्टरांना एवढंच म्हणा: महाधमनीही मोजा, आणि आकडा रिपोर्टात लिहा.