कुऱ्हाडीने दिलेल्या उजेडात

इंग्लंडमधल्या ओक आणि हेझलच्या जंगलात एप्रिल हा घाईचा महिना. झाडांना पालवी फुटून माथ्यावर छत धरलं, की जमिनीलगतच्या रोपांच्या वाट्याला उजेड जेमतेमच येतो. म्हणून फुलणं त्याआधी उरकायचं. या लगबगीत कॉमन डॉग व्हायोलेट म्हणजे व्हायोला रिव्हिनियाना ही वीतभर वनस्पतीही असते. पानं बदामाच्या आकाराची, फूल निळसर जांभळं. अत्तरासाठी नावाजलेली सुगंधी व्हायोलेट हिच्या जवळच्या नात्यातली, पण हिला वास नाही.

तिच्या खालच्या पाकळीवर गडद रेघा असतात आणि फुलामागे फिकट, पोकळ शेपटी. पाचपैकी दोन पुंकेसरांना फुटलेले फाटे त्या शेपटीत उतरतात आणि तिथे मध पाझरवतात. रेघांच्या मागावर आलेली मधमाशी सोंड आत घालते तेव्हा पराग तिच्या अंगावर पडतात. (पावसाळ्यात आपल्या माळांवर दिसणारं रतनपुरुष याच कुळातलं. त्याचीही खालची पाकळी इतरांपेक्षा कितीतरी मोठी असते.)

मे-जूननंतर सावली दाटते, जांभळी फुलं संपतात आणि मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग सुरू होतो. व्हायोलेटला नव्या कळ्या येतात, पण त्या कधीच उमलत नाहीत. त्यांना ना धड पाकळ्या, ना मध. परागकण परागकोशातच रुजतात, त्यांच्या नलिका तिथून थेट कुक्षीत शिरतात आणि बंद कळीच्या आत बी धरतं. चार्ल्स डार्विनने या मिटलेल्या फुलांचा बारकाईने अभ्यास केला आणि 1877 मध्ये फुलांच्या विविध रूपांवरच्या पुस्तकात त्यांना स्वतंत्र प्रकरण दिलं. उघड्या फुलातून दुसऱ्या रोपाचे गुण मिळण्याची संधी, मिटलेल्या फुलातून बियांची हमी. हे रोप दोन्ही साधतं.

बोंड वाळलं की त्याचे तीन भाग होतात. प्रत्येक भागाच्या कडा आक्रसत जातात आणि चिमटीत सापडलेलं बी दूर उडतं. पुढचा प्रवास मुंग्यांचा. बीला चिकटलेली स्निग्ध गाठ त्यांच्या पिल्लांचं खाणं असते. ती संपली की बी वारुळाच्या कचऱ्यात टाकलं जातं आणि रुजायला ती जागा वाईट नसते.

या छोट्या रोपावर फ्रिटिलरी गटातली अनेक फुलपाखरं जगतात, कारण त्यांच्या अळ्या व्हायोलेटचीच पानं खातात. सिल्व्हर-वॉश्ड फ्रिटिलरीची मादी तर अंडी घालते ओकच्या बुंध्यावर. अळी अंड्याचं कवच खाऊन सालीच्या भेगेत हिवाळा काढते आणि वसंतात खाली उतरून व्हायोलेट शोधते. पर्ल-बॉर्डर्ड फ्रिटिलरीला एवढी सावली चालत नाही. तिच्या अळीला उन्हात तापलेला पाचोळा हवा आणि त्यातच उगवलेली व्हायोलेट हवी.

अशी जागा शतकानुशतकं लाकूडतोड्यांनी पुरवली. कुंपणासाठी आणि कोळशासाठी ते हेझल काही वर्षांनी बुंध्याशी तोडत. खुंटाला पुन्हा धुमारे फुटत. याला कॉपिसिंग म्हणतात. तोडलेल्या पट्ट्यात ऊन पोचलं की व्हायोलेट दाटून येई आणि तिच्यामागे ते फुलपाखरू. म्हणूनच त्याला लाकूडतोड्याचा सोबती म्हणत. विसाव्या शतकात या लाकडाची मागणी सरली, जंगलं गर्द झाली, व्हायोलेट विरळ झाली आणि इंग्लंड-वेल्समधल्या बहुतेक ठिकाणांहून पर्ल-बॉर्डर्ड फ्रिटिलरी नाहीशी झाली.

ज्या जंगलातले जीव शेकडो वर्षं माणसाच्या तोडणीशी जुळवून राहिले, तिथे ती तोडणी अचानक थांबवणं हे संरक्षण नव्हे, असं मला ठामपणे वाटतं. 1968 मध्ये स्थापन झालेली ‘बटरफ्लाय कन्झर्व्हेशन’ ही संस्था आज तिथे कॉपिसिंगचा आग्रह धरते. हे फुलपाखरू फार लांब जात नाही आणि काही वर्षांत मोकळा पट्टा पुन्हा सावलीत जातो. त्यामुळे तोडणीचा नवा पट्टा जुन्याच्या जवळच ठेवावा लागतो.