मॉइश्चरायझर: कुणाला, कोणतं, किती?

हिवाळा सरत आला की वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथच्या शिवारात हळद काढणीची धांदल उडते. कंद खणायचे, शिजवायचे, वाळवायचे, ड्रममध्ये घालून पॉलिश करायचे. माती, वाफ, धूळ आणि कोरडी हवा यांचा मारा आठवडेच्या आठवडे हातांवर होतो. कुणाचे तळवे फुटतात, तर कुणाचा जुना इसब पुन्हा उफाळतो. दोघांची कातडी सारखीच रखरखीत दिसते, पण दोघांची गरज वेगळी असते.

गैरसमज: मॉइश्चरायझर हिवाळ्यापुरतंच.

वस्तुस्थिती: निरोगी त्वचेला ते गरजेपुरतं लावलं तरी भागतं. इसब असलेल्यांच्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मात्र मुळातच कमकुवत असतो. त्यातून पाणी निसटतं आणि साबण, धूळ आत शिरते. म्हणून त्यांच्यासाठी मॉइश्चरायझर हा उपचाराचाच भाग आहे. ते बारा महिने आणि चट्टे गेल्यावरही लावायचं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात चिकचिक होत असेल, तर दिवसा हलकं लोशन आणि रात्री घट्ट क्रीम लावावं.

गैरसमज: तेल चोपडलं की काम झालं.

वस्तुस्थिती: तेलात पाणी नसतं. ते असलेला ओलावा फक्त अडवतं, म्हणून कोरड्या अंगापेक्षा ओलसर अंगाला लावलेलं बरं. शिवाय सगळी तेलं सारखी नसतात. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या संशोधकांनी इसब होऊन गेलेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या प्रौढांवर तेलं लावून पाहिली. 2013 साली छापून आलेल्या निष्कर्षांनुसार ऑलिव्ह तेलाने दोन्ही गटांत त्वचेचं कवच कमजोर झालं आणि सौम्य लाली आली. सूर्यफुलाच्या तेलाने तसं झालं नाही.

गैरसमज: जितकं महाग आणि सुवासिक, तितकं गुणकारी.

वस्तुस्थिती: सुगंधी द्रव्यं हे त्वचेच्या ॲलर्जीचं नेहमीचं कारण आहे. इसब असलेल्यांनी बिनवासाचंच घ्यावं. ब्रिटनमध्ये इसब असलेल्या साडेपाचशे मुलांवर लोशन, क्रीम, जेल आणि मलम यांची तुलना झाली. 2022 साली आलेल्या निकालात चारही प्रकारांच्या परिणामात फरक आढळला नाही. ज्याला जे रोज लावायला आवडेल, ते त्याच्यासाठी योग्य. 1872 साली पेटंट मिळालेली साधी पेट्रोलियम जेली आजही ओलावा रोखण्यात अव्वल आहे.

गैरसमज: बोटभर क्रीम पुष्कळ झालं.

वस्तुस्थिती: सर्वाधिक चूक इथेच होते. अंगभर इसब असलेल्या प्रौढाला आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम मॉइश्चरायझर लागतं. छोटी ट्यूब दोन महिने पुरत असेल, तर ते लावल्यातच जमा नाही. कडकडीत पाण्याने अंघोळ टाळावी. कोमट पाण्याने अंग धुऊन टॉवेलने फक्त टिपावं आणि दोन-तीन मिनिटांत, ओल आहे तोवर क्रीम लावावं. लव ज्या दिशेने वळते त्या दिशेने हात फिरवावा, रगडू नये. डबीत बोटं न घालता स्वच्छ चमच्याने क्रीम काढावं.

गैरसमज: हळद लावली की कातडी सुधारते.

वस्तुस्थिती: वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ही या भागाच्या अभिमानाची गोष्ट. पण हळदीतल्या कुरक्युमिनची काहींना ॲलर्जी असते. भेगाळलेल्या कातडीवर लेप दिला तर खाज वाढू शकते.

गैरसमज: खाजेची ट्यूब रोज लावली तरी चालते.

वस्तुस्थिती: अशा अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. डॉक्टरांनी सांगितलं तेवढे दिवस ते उपयोगी ठरतं, पण मनाने वापरत राहिलं तर त्वचा पातळ होते आणि गजकर्ण असल्यास ते पसरतं. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशा चौदा स्टेरॉइडांच्या मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीला मनाई केली. ट्यूब लावण्याआधी खाजेचं कारणही पाहावं. शेतात राबणाऱ्याच्या पापण्या, मान आणि कोपरांच्या घड्यांत पुरळ आलं, तर गाजर गवताच्या ॲलर्जीची शंका घ्यावी. 1950च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदलं गेलेलं हे तण बांधाबांधावर पोचलं आहे. त्याचा संपर्क सुटल्याशिवाय नुसत्या मॉइश्चरायझरने आराम पडत नाही.

गैरसमज: क्रीमने काय अपाय होणार?

वस्तुस्थिती: क्रीम कपड्यांत मुरून वाळलं की ते कापड झटकन पेट घेतं. ब्रिटनच्या औषध नियामकांनी 2018 मध्ये हा इशारा दिला आणि बिनपॅराफिनची क्रीमही त्यात धरली. धुतल्यावरही कापडात अंश राहतो. त्यामुळे हळद शिजवण्याच्या भट्टीजवळ, चुलीपाशी किंवा विडी ओढणाऱ्याच्या शेजारी बसताना क्रीम मुरलेले कपडे, पट्ट्या आणि उपरणं आधी बदलावं.