गाठीचं नाव कळेपर्यंत

छातीच्या एक्स-रेवर डाग दिसला की आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा येतो, आणि तो अगदी स्वाभाविक आहे. जगातला साधारण दर चौथा क्षयरुग्ण भारतात आहे. खोकला, घटतं वजन, थुंकीतून रक्त ही लक्षणं क्षयात आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये सारखीच. पण बेडक्यात जंतू सापडलेले नसताना नुसत्या डागावरून सहा महिन्यांचा कोर्स सुरू होतो, तेव्हा फुफ्फुसाच्या कॅन्सरला वाढायला मोकळं रान मिळतं. ‘विडी-सिगारेट ओढत नाही’ म्हणून शंका झटकणंही धोक्याचं, कारण आपल्याकडे हा कॅन्सर झालेल्या कितीतरी जणांनी, विशेषतः स्त्रियांनी, कधीच धूम्रपान केलेलं नसतं.

यातून सुटायचा मार्ग एकच, तुकडा काढून तपासणं. ‘गाठीला सुई लागली की ती पसरते’ ही समजूत घराघरांत आहे. तिच्यापायी किती आठवडे वाया जातात, हे पाहून जीव तुटतो. सीटी स्कॅनच्या आधारे बाहेरून सुई घालून किंवा श्वासनलिकेत दुर्बीण सोडून तुकडा घेतात. छातीत पाणी झालं असेल तर ते काढून त्यातल्या पेशी तपासतात. तुकडा पुरेसा हवा, कारण ‘कॅन्सर आहे’ एवढ्यावर आता काम भागत नाही. अ‍ॅडिनोकार्सिनोमा हा प्रकार निघाला तर ईजीएफआर, एएलके अशा जनुकांतले बदल शोधावे लागतात. भारतीय रुग्णांत ईजीएफआरमधला बदल साधारण चौघांपैकी एकात सापडतो. रक्तावरूनही ही तपासणी होते, मात्र तिथे बदल दिसला नाही म्हणून तो नाहीच, असं ठरत नाही.

मग स्टेज. गाठ केवढी, छातीच्या मध्यभागातल्या लसिका ग्रंथींपर्यंत पोचली का, हाडं-यकृत-मेंदूत गेली का, हे पेट स्कॅन आणि मेंदूच्या एमआरआयवरून पाहतात. पेटमध्ये चमकलेली ग्रंथी जुन्या क्षयाचीही असू शकते. म्हणून ऑपरेशन नाकारण्याआधी त्या ग्रंथीचाही तुकडा मागावा, असं मला आग्रहाने सांगावंसं वाटतं.

पहिल्या दोन स्टेजमध्ये शस्त्रक्रिया. तिसरीत बहुतेकदा केमो आणि रेडिएशन एकत्र, पुढे काहींना इम्युनोथेरपी. चौथीत उपचार जनुकांवर ठरतो. ओसिमर्टिनिबसारख्या गोळ्या इथे कामी येतात. 2024च्या अर्थसंकल्पात ओसिमर्टिनिबवरची कस्टम ड्युटी माफ झाली, तरी ती अनेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरच आहे. त्यांच्यासाठी मुंबईच्या टाटा मेमोरियलमधलं काम मला फार मोलाचं वाटतं. ईजीएफआरमध्ये बदल असलेल्या 350 रुग्णांवरची तिथली चाचणी 2020 साली प्रसिद्ध झाली. नुसत्या जेफिटिनिब या गोळीवर आजार साधारण 8 महिने काबूत राहिला, सोबत केमो दिल्यावर 16 महिने. गंभीर दुष्परिणामही जवळपास दुप्पट झाले, हे रुग्णाला आधी सांगायलाच हवं. पण जेफिटिनिब आपल्याकडे स्वस्त जेनेरिक स्वरूपात मिळते आणि केमोची ती औषधंही जुनीच आहेत. जिथे केमोचं डे-केअर चालतं, तिथे हा उपचार देता येतो.