सागरी पर्यटनातील समाविष्ट सुविधा व अतिरिक्त खर्च : ग्राहकाच्या दृष्टिकोनातून एक विवेचन

प्रस्तावना :

पर्यटन हा आज केवळ उच्चवर्गीयांचा छंद राहिलेला नाही. नोकरदार, व्यापारी, शिक्षक व बागायतदार शेतकरी कुटुंबेही वर्षातून एखादी सहल करू लागली आहेत. खान्देशातील मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वीचे एदलाबाद, हा तालुका समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही केळीचे पैसे हाती आल्यावर किंवा लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त 'एकदा क्रूझ करू' असा विचार येथील कुटुंबांतही होऊ लागला आहे. अशा वेळी जाहिरातीत दिसणारी रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च यांत मोठे अंतर पडते. हे अंतर का पडते, त्यातील कोणता भाग अटळ आणि कोणता ऐच्छिक असतो, तसेच ग्राहकाला कायद्याने कोणते संरक्षण दिले आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

उद्दिष्टे :

1. भारतातील सागरी पर्यटनाची पार्श्वभूमी थोडक्यात समजून घेणे.
2. क्रूझच्या भाड्यात समाविष्ट असलेल्या व नसलेल्या बाबी स्पष्ट करणे.
3. अतिरिक्त खर्चामागील आर्थिक कारणांचा विचार करणे.
4. ग्राहकाच्या हक्कांची व उपलब्ध उपायांची माहिती देणे.

पार्श्वभूमी :

मुंबई, कोकण व गोवा या किनाऱ्यावर आगबोटींची प्रवासी वाहतूक दीर्घकाळ चालली. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटीचे तिकीट म्हणजे एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नेण्याचे भाडे एवढाच त्याचा अर्थ होता. शिदोरी व वळकटी प्रवाशाची स्वतःची असे. पर्यटन जहाजाची कल्पना याहून वेगळी आहे. येथे प्रवास हे साधन नसून तेच साध्य असते. जहाज हेच निवासस्थान, भोजनगृह व करमणुकीचे ठिकाण ठरते आणि या सर्वांची किंमत एकाच भाड्यात बांधली जाते.

महाराष्ट्रात या व्यवसायाला मागील दशकात गती मिळाली. डिसेंबर 2016 मध्ये 'कोस्टा' या इटालियन कंपनीच्या जहाजाने मुंबईहून मालदीवकडे सफरी सुरू केल्या. ऑक्टोबर 2018 मध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' हे जहाज सुरू झाले; मात्र 2020 च्या साथीच्या काळात ती सेवा थांबली. सप्टेंबर 2021 मध्ये आयआरसीटीसीच्या सहकार्याने 'कॉर्डेलिया'च्या 'एम्प्रेस' या 1990 साली बांधलेल्या जहाजावरील सफरी मुंबईहून सुरू झाल्या. 30 सप्टेंबर 2024 रोजी केंद्र सरकारने 'क्रूझ भारत मिशन' जाहीर केले. पुढे सप्टेंबर 2025 मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. म्हणजेच सागरी पर्यटनाचा ग्राहकवर्ग वाढावा हे शासनाचेही धोरण आहे. त्यामुळे या ग्राहकाचे प्रबोधन आवश्यक ठरते.

'समाविष्ट' या संज्ञेचा अर्थ :

सर्वसमावेशक किंमत ही कल्पना खान्देशातील वाचकाला अपरिचित नाही. आषाढी वारीला निघणारा वारकरी दिंडीत भिशी भरतो. त्या रकमेत जेवण, चहा, मुक्कामाची सोय व सामानाचा ट्रक इत्यादी बाबी येतात. वाटेत घेतलेला उसाचा रस, औषधपाणी व परतीचे एस.टी. भाडे ज्याचे त्याने करावयाचे असते. काय भिशीत आहे आणि काय नाही, हे दिंडीतील प्रत्येकाला ठाऊक असते. क्रूझच्या भाड्याची रचना मुळात अशीच आहे. फरक एवढाच की, येथील नियम लिखित, लांबलचक व बहुधा इंग्रजीत असतात आणि प्रवासी ते पैसे भरल्यानंतर वाचतो.

क्रूझच्या मूळ भाड्यात सामान्यतः पुढील बाबी समाविष्ट असतात :

(अ) केबिनमधील निवास व तिची रोजची स्वच्छता.
(आ) मुख्य भोजनगृहातील व बुफेतील न्याहारी, दुपारचे व रात्रीचे जेवण. भारतीय प्रवासी डोळ्यांसमोर ठेवणाऱ्या जहाजांवर शाकाहारी व जैन भोजनाचीही व्यवस्था असते.
(इ) बुफेत ठेवलेले साधे पिण्याचे पाणी, चहा व कॉफी.
(ई) जलतरण तलाव, व्यायामशाळा, मुलांचे खेळ तसेच नाट्यगृहातील बहुतेक कार्यक्रम.

याउलट मद्य व शीतपेये, बाटलीबंद पाणी, विशेष उपाहारगृहे, स्पा, इंटरनेट, कपडे धुण्याची सेवा, जहाजावरील छायाचित्रे, डॉक्टरांची तपासणी आणि बंदरावर उतरल्यानंतरच्या सहली यांचे पैसे बहुधा स्वतंत्रपणे मोजावे लागतात. जहाजाचे वर्तन कंपनीनुसार बदलते. म्हणून आरक्षणापूर्वी ही यादी लेखी मागून घेणे इष्ट असते.

अतिरिक्त खर्चाचे तीन प्रकार :

'अतिरिक्त खर्च' या एकाच शब्दाखाली तीन भिन्न गोष्टी एकत्र केल्या जातात. त्या वेगळ्या करून पाहिल्यास बराच गोंधळ दूर होतो.

पहिला प्रकार अनिवार्य खर्चाचा. बंदर शुल्क, वस्तू व सेवा कर आणि सेवा शुल्क किंवा टिप हे त्यात मोडतात. मोठ्या आंतरराष्ट्रीय कंपन्यांच्या जहाजांवर 2024-25 च्या सुमारास ही टिप दर माणशी दररोज साधारणतः 16 ते 20 अमेरिकन डॉलर इतकी होती आणि ती प्रवाशाच्या खात्यावर आपोआप चढत असे. सात दिवसांच्या सफरीत चौघांच्या कुटुंबासाठी ही रक्कम 448 ते 560 डॉलर होते. हा खर्च पहिल्या दिवसापासून निश्चित असतो, मात्र जाहिरातीतील ठळक आकड्यात तो अनेकदा नसतो.

दुसरा प्रकार ऐच्छिक खर्चाचा. पेये, स्पा, खरेदी, खेळ, किनाऱ्यावरील सहली इत्यादींचा त्यात समावेश होतो. जहाजावर रोख रक्कम सहसा चालत नाही. केबिनचे कार्डच दाखवावे लागते आणि खर्च खात्यावर जमा होत जातो. हातातून नोट जात नसल्याने खर्चाची जाणीव बोथट होते. मुलांच्या हाती स्वतंत्र कार्ड असेल, तर त्यावर मर्यादा घालता येते का, हे पहिल्याच दिवशी विचारावे. मोबाइलच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. खोल समुद्रात फोन जहाजावरील उपग्रह-आधारित जाळ्याला जोडला गेल्यास रोमिंगचे दर फार महाग पडतात. त्यामुळे जहाज सुटताच फोन 'फ्लाइट मोड'वर ठेवणे हिताचे असते.

तिसरा प्रकार घरापासून जहाजापर्यंतच्या खर्चाचा. हा खर्च कोणत्याही माहितीपत्रकात आढळत नाही, कारण तो कंपनीचा विषयच नसतो. मुंबईतील प्रवाशाला टॅक्सीचे भाडे पुरते. मुक्ताईनगरच्या कुटुंबाला मात्र आधी भुसावळ गाठावे लागते आणि तेथून रेल्वेने सुमारे साडेचारशे किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. गाडीला उशीर झाल्यास जहाज थांबत नाही. त्यामुळे आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम करणेच शहाणपणाचे असते.

एक उदाहरण :

केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून पुढील सर्व आकडे गृहीत धरले आहेत. मुक्ताईनगरच्या चौघांच्या कुटुंबाने, आईवडील व दोन मुले, दोन रात्रींची मुंबई-गोवा सफर ठरविली. 'फक्त 18,000 रुपयांपासून' अशी जाहिरात होती. हा दर दोघांनी एक केबिन घेतल्यास दर माणशी असून तो खिडकी नसलेल्या आतील केबिनचा आहे. दोन प्रौढांचे 36,000 व त्याच केबिनमधील दोन मुलांचे सवलतीने 16,000 असे मूळ भाडे 52,000 रुपये झाले. त्यावर बंदर व सेवा शुल्क 6,000 आणि कर 3,000 मिळून अनिवार्य खर्च 9,000 रुपये. गोव्यातील सहल 8,000 व पेये, इंटरनेट आणि छायाचित्रे 5,000 मिळून ऐच्छिक खर्च 13,000 रुपये. रेल्वे, टॅक्सी व मुंबईतील मुक्काम 9,000 रुपये. एकूण रक्कम 83,000 रुपये झाली.

मूळ भाड्यापेक्षा 31,000 रुपये, म्हणजे जवळजवळ 60 टक्के अधिक खर्च झाला. परंतु त्यापैकी केवळ 13,000 रुपये कुटुंबाच्या इच्छेवर अवलंबून होते. उरलेले 18,000 रुपये कितीही काटकसर केली तरी टळणारे नव्हते. 'जहाजावर जपून राहू' एवढ्या निश्चयावर 52,000 रुपये जमवून निघालेल्या कुटुंबाला परतल्यावर उसनवारी करावी लागते, ती उधळपट्टीमुळे नव्हे, तर हिशेब अपुऱ्या आकड्यावर मांडल्यामुळे.

अतिरिक्त खर्चामागील अर्थशास्त्र :

प्रवेशाची एक किंमत आणि आतील वापराची दुसरी किंमत, अशा रचनेला अर्थशास्त्रात 'द्विस्तरीय किंमत' म्हणतात. वॉल्टर ओई या अर्थशास्त्रज्ञाने 1971 मध्ये डिस्नेलँडच्या उदाहरणावरून या रचनेचे विश्लेषण केले. जहाजाचे इंधन, कर्मचारी व बंदर यांचा खर्च केबिन रिकामी राहिली तरी फारसा कमी होत नाही. म्हणून कंपनी कमी भाड्यात केबिन भरते आणि जहाजावरील विक्रीतून उत्पन्न वाढवते. जगातील मोठ्या क्रूझ कंपन्यांच्या वार्षिक अहवालांनुसार त्यांच्या महसुलाचा सुमारे 30 टक्के भाग तिकिटाबाहेरील विक्रीतून येतो. यात गैर काही नाही. खर्च न करणाऱ्या प्रवाशाला या पद्धतीत स्वस्त प्रवास घडू शकतो. अट एकच, दोन्ही किमती त्याला आधी माहीत असल्या पाहिजेत.

एकट्याने प्रवास करणाऱ्याला मात्र ही रचना जाचक ठरते. केबिन दोघांची समजली जात असल्याने एकट्या प्रवाशाकडून अनेकदा दीडपट ते दुप्पट भाडे आकारले जाते. विधवा, विधुर अथवा निवृत्त एकाकी व्यक्तींनी ही बाब लक्षात घ्यावी.

कर, रद्दीकरण व मार्गबदल :

परदेशी सहलीच्या पॅकेजवर 1 ऑक्टोबर 2020 पासून विक्रेता उगमस्थानी कर गोळा करतो, त्यास 'टीसीएस' म्हणतात. त्याचे दर व मर्यादा नंतर अनेकदा बदलल्या. त्यामुळे आरक्षणाच्या दिवशीचा दर विचारावा. ही रक्कम खर्च नसून आगाऊ भरलेला आयकर असतो. विवरणपत्र भरल्यास तिचे समायोजन होते किंवा परतावा मिळतो. विवरणपत्र न भरणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत मात्र ती प्रत्यक्षात खर्चच ठरते.

सफर रद्द केल्यास कपात किती, हे तारखेवर अवलंबून असते. प्रस्थानाची तारीख जवळ येईल तशी कपात वाढते. हवामानामुळे एखादे बंदर वगळण्याचा अधिकार करारानुसार कप्तानाकडे असतो. अशा वेळी भाडे सहसा परत मिळत नाही. आरोग्य व प्रवास विमा म्हणूनच अनावश्यक मानू नये.

ग्राहकाचे कायदेशीर संरक्षण :

ग्राहक संरक्षण कायदा 2019 हा जुलै 2020 पासून अमलात आला. या कायद्यान्वये किमतीविषयी दिशाभूल करणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. 30 नोव्हेंबर 2023 रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीतील 13 फसव्या क्लृप्त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. सुरुवातीला कमी किंमत दाखवून अखेरच्या टप्प्यावर शुल्क वाढवत जाणे, तसेच ग्राहकाने न मागितलेली सेवा बिलात घालणे, यांचा त्यांत स्पष्ट उल्लेख आहे.

खान्देशातील ग्राहकाच्या दृष्टीने या कायद्यातील कलम 34 विशेष महत्त्वाचे आहे. तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. म्हणजेच कंपनीचे कार्यालय मुंबईत असले तरी मुक्ताईनगरच्या रहिवाशाला जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. 5 लाख रुपयांपर्यंत मोबदला दिला असल्यास तक्रारीसाठी शुल्क नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करणे आवश्यक आहे. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करता येते. मात्र यासाठी पुरावा लागतो. जाहिरातीचे छायाचित्र, दलालाचे संदेश, पावत्या व शेवटच्या रात्री मिळणारे अंतिम बिल जपून ठेवावे. बिलातील चूक जहाज सोडण्यापूर्वीच कार्यालयात नोंदवून घेणे सर्वांत सोपे असते.

निष्कर्ष :

1. क्रूझचे जाहीर भाडे ही सफरीची एकूण किंमत नसून तिचा केवळ एक भाग असतो.
2. अतिरिक्त खर्च हा सर्वस्वी प्रवाशाच्या हौसेवर अवलंबून असतो, हा समज योग्य नाही. अनिवार्य शुल्क व घरापासूनचा प्रवास हे खर्च आधीच निश्चित असतात.
3. आरक्षणापूर्वी 'सर्व शुल्क व करांसह चौघांचे एकूण किती?' हा एकच प्रश्न लेखी विचारल्यास बहुतेक गैरसमज टळतात.
4. समुद्रापासून दूर राहणाऱ्या ग्राहकालाही आपल्याच जिल्ह्यात दाद मागण्याचा हक्क आहे.

सागरी सफर हा आनंदाचा अनुभव आहे आणि ग्रामीण भागातील कुटुंबांनीही तो अवश्य घ्यावा. दिंडीला निघताना भिशीत काय आहे आणि काय नाही हे जसे आधी विचारले जाते, तसेच ते जहाजावर पाऊल ठेवण्यापूर्वीही विचारले जावे, एवढीच अपेक्षा आहे.