रसायनाशिवाय काढले, तरी ते चरसच

‘यात कसलेही केमिकल नाही, अगदी नैसर्गिक आहे’ हे वाक्य आपण साबणापासून गुळापर्यंत सगळीकडे ऐकतो. हल्ली ते एका निराळ्याच वस्तूबद्दल कानावर पडू लागले आहे. टोरंटोला शिकणारा भाचा सुट्टीत घरी आला की सहज सांगून जातो, ‘मावशी, तिकडे लोक घरच्या घरी गांजाचा अर्क काढतात. त्यात ना गॅस, ना स्पिरिट. नुसते बर्फाचे पाणी, चाळणी, नाहीतर गरम दाब.’ तिकडे याला ‘सॉल्व्हेंटलेस’ म्हणतात, म्हणजे कोणतेही द्रावक न वापरता काढलेला अर्क. रोझिन, बबल हॅश, ड्राय सिफ्ट ही त्याची नावे आता आपल्याकडच्या कॉलेजच्या मुलांनाही ठाऊक आहेत. नावे इंग्रजी, त्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांना हे काहीतरी नवे प्रकरण वाटते. आपल्या देशात शेकडो वर्षे ज्याला चरस म्हणत आले, तेच हे.

एका झाडाची तीन नावे

भांग, गांजा आणि चरस ही तीन वेगळी झाडे आहेत असे समजणारे सुशिक्षित लोकही पुष्कळ भेटतात. झाड एकच. त्याची पाने ती भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे तो गांजा आणि त्या फुलोऱ्यावरची चिकट राळ तो चरस. फुलोऱ्यावर टाचणीच्या डोक्यासारख्या दिसणाऱ्या बारीक केसाळ ग्रंथी असतात. नशा आणणारे टीएचसी हे द्रव्य मुख्यतः या ग्रंथींतच तयार होते. पानांत ते थोडे, फुलोऱ्यात बरेच आणि नुसती राळ वेगळी काढली तर सर्वांत जास्त. अर्क काढण्याची जगातली प्रत्येक रीत शेवटी या ग्रंथी झाडापासून वेगळ्या करण्याचीच रीत आहे.

हिमालयात हे काम माणसाचे तळहात करत आले. कुलू जिल्ह्यातल्या पार्वती खोऱ्यात आणि मलाणा गावात शरद ऋतूत हिरवा फुलोरा हातावर चोळून राळ जमवली जाते. (मलाणा हे गाव खरे तर वेगळ्याच कारणासाठी प्रसिद्ध व्हायला हवे होते. जमलू देवतेच्या नावाने चालणारा तिथला गावगाडा आणि आसपास कुठेही न बोलली जाणारी कनाशी भाषा हा अभ्यासकांच्या कुतूहलाचा विषय आहे. पण आपल्याकडच्या पर्यटकांना मलाणा म्हटले की एकच गोष्ट आठवते.) याच्या उलट मध्य आशियात वाळलेला फुलोरा चाळून भुकटी काढत. एकोणिसाव्या शतकात असा यारकंदी चरस घोड्याखेचरांवर लादून लेहमार्गे पंजाबात येत असे आणि सरकार त्यावर रीतसर कर घेत असे. हातावर चोळणे काय किंवा चाळणे काय, दोन्हींत द्रावकाचा थेंबही नाही. तेव्हा ‘सॉल्व्हेंटलेस’ हा शोध लावल्याचे श्रेय पाश्चात्त्यांना देण्याचे काही कारण नाही.

इंग्रज सरकारने या झाडाची जेवढी चौकशी केली तेवढी क्वचितच दुसऱ्या कोणत्या झाडाची झाली असेल. १८९३-९४ साली नेमलेल्या आयोगाने देशभर हिंडून हजाराहून अधिक साक्षी नोंदवल्या. माफक सेवनाने फारसे नुकसान होत नाही, तेव्हा सरसकट बंदीपेक्षा नियंत्रण बरे, असा त्याचा निष्कर्ष होता. आज गांजाची बाजू घेणारे हा अहवाल हमखास पुढे करतात. मात्र त्याच अहवालाने अतिसेवनाचे दुष्परिणामही नोंदवले आहेत, हे सांगायला ते विसरतात.

जितके शुद्ध, तितके जहाल

रसायनाशिवाय काढलेल्या अर्काच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. अमेरिका-कॅनडात ब्युटेनसारखा ज्वालाग्राही वायू वापरून घरात अर्क काढताना स्फोट झाले, माणसे भाजली. म्हणून कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर केला तेव्हा बहुतेक प्रांतांत घरामागे चार झाडे लावायला मुभा दिली, पण सेंद्रिय द्रावक वापरून घरी अर्क काढायला मनाई केली. बर्फ, चाळणी आणि दाब यांना तिथे आडकाठी नाही. यात स्फोटाचा धोका टळतो आणि अर्कात द्रावकाचा अंशही उरत नाही.

पण द्रावक नाही म्हणून नशा कमी, हा अर्थ कुठून आला? उसाच्या रसातले पाणी आटवले की काकवी होते. त्यात कोणी रसायन घातले नाही म्हणून ती रसाएवढीच गोड राहत नाही. आजच्या गांजाच्या फुलोऱ्यात टीएचसीचे प्रमाण साधारणपणे १० ते २० टक्के असते. अर्कात ते ६० टक्क्यांच्या पुढे, कधीकधी ८० टक्क्यांच्याही पुढे जाते. शिवाय झाडावर कीटकनाशक फवारले असेल तर त्याचा अंशही राळेबरोबर आटत येतो. आपल्याकडे चोरून विकल्या जाणाऱ्या मालाची तपासणी कोण करणार?

टीएचसी हे द्रव्य १९६४ साली इस्राएलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी लेबनॉनच्या हशिशमधून वेगळे केले. पुढे १९९२ साली मेशुलाम यांच्याच प्रयोगशाळेत, मेंदूत मुळातच असणारे आणि टीएचसीसारखे काम करणारे एक द्रव्य सापडले. त्याला नाव दिले आनंदामाइड, आपल्या संस्कृत ‘आनंद’ शब्दावरून. नाव गोड असले तरी मेंदूची ही यंत्रणा नाजूक आहे. भूक, झोप, स्मरण, भीती यांचा तोल ती सांभाळते आणि पंचविशीपर्यंत मेंदूची घडण चालूच असते. युरोपातल्या अनेक शहरांत आणि ब्राझीलमध्ये झालेला एक मोठा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात टीएचसीचे प्रमाण १० टक्के किंवा अधिक असलेला गांजा रोज घेणाऱ्यांमध्ये तीव्र मनोविकाराचा पहिला झटका येण्याची शक्यता, कधीच न घेणाऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ पाचपट आढळली. लक्षात घ्या, ही गोष्ट १० टक्क्यांची आहे.

हाच अर्क लोणी-तुपात मिसळून बिस्किटात किंवा चॉकलेटमध्ये घातला तर आणखी एक घोटाळा होतो. धुरातून घेतलेली नशा काही मिनिटांत चढते. पोटातून घेतलेली अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत केव्हाही. ‘काहीच झाले नाही’ म्हणून मुलगा दुसरे बिस्कीट खातो आणि मग दोन्ही एकदम चढतात. छातीत धडधड, जीव जाणार अशी भीती, भ्रम, उलट्या, आणि हे सहा-आठ तास किंवा त्याहून अधिक काळ. ज्या घरात लहान मूल आहे तिथे असे बिस्कीट डब्यात ठेवणे म्हणजे काय, हे गृहिणीला वेगळे सांगायला नको. मुलाने चुकून खाल्ले आणि ते पेंगू लागले तर वाट न बघता थेट रुग्णालय गाठावे. काय खाल्ले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. लाजेपायी लपवालपवी केली तर उपचाराची दिशाच चुकते.

‘भांग चालते, मग हे का नाही?’

होळीला, महाशिवरात्रीला भांग घेतली जाते. वाराणसीत आणि राजस्थानात सरकारी परवान्याची भांगेची दुकाने आहेत. त्यामुळे घरात वाद निघाला की मुले हाच प्रश्न टाकतात आणि आईवडील निरुत्तर होतात. उत्तर कायद्याच्या व्याख्येत आहे.

१९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात आणि त्यानंतर आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, शेंड्याबरोबर नसलेली पाने वगळली आहेत. म्हणून भांग या कायद्यातून सुटली. ती राज्यांच्या अखत्यारीत आली आणि महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली तिलाही परवाना लागतो. पण चरसाची व्याख्या करताना कायद्याने पळवाट ठेवलेली नाही. झाडापासून वेगळी काढलेली राळ, ती कोणत्याही स्वरूपात असो, कच्ची असो की शुद्ध केलेली, चरसच. ती हाताने काढली, बर्फाने काढली की यंत्राने दाबून काढली, असा भेद कायदा करत नाही. रसायनाशिवाय काढली ही सबब न्यायालयात कवडीमोलाची आहे.

फरक पडतो तो वजनाने. गांजा एक किलोपर्यंत ‘अल्प प्रमाण’ धरला जातो, चरस फक्त १०० ग्रॅमपर्यंत. व्यापारी प्रमाण गांजाचे २० किलो, चरसाचे एक किलो. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दंड किंवा दोन्ही. त्याच्या वर दहा वर्षांपर्यंत. व्यापारी प्रमाणाला कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त वीस वर्षे, आणि जामीन मिळणे महाकठीण. त्यातच २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग खटल्यात निर्णय दिला की मिश्रण असेल तर त्यातल्या निरुपद्रवी भागासह एकूण वजन मोजायचे. आता समजा, एखाद्याने चिमूटभर चरस घालून सव्वा किलो चॉकलेट केले. हिशेब वाचकांनीच करावा.

गच्चीतल्या कुंडीत हौसेने लावलेले झाडही लागवडच ठरते आणि तिला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. आईवडिलांनी विशेष करून वाचावे असे कलम २५ वे. आपल्या ताब्यातल्या घरात असा गुन्हा होतो आहे हे ठाऊक असून जो होऊ देतो, त्याला त्या गुन्ह्याचीच शिक्षा आहे. ‘बाहेर करण्यापेक्षा डोळ्यांसमोर घरी केलेले बरे’ असा विचार करणारे पालक अलीकडे दिसतात. त्यांचा हेतू चांगला असेल, कायदा तो विचारत नाही.

परदेशातून येणाऱ्यांचीही फसगत होते. तिकडे दुकानात पावतीसह मिळालेली गोळी विमानतळावर उतरताच आयातीचा गुन्हा ठरते. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा मोकळा केला तेव्हा आपल्याकडून पर्यटकांची रीघ लागली. पण तिथेही ०.२ टक्क्यांहून अधिक टीएचसी असलेले अर्क बंदीतच राहिले होते आणि जून २०२५ पासून फुलोऱ्यालाही डॉक्टरांची चिठ्ठी लागू लागली.

सापडले तर

मुलाच्या कपाटात तपकिरी, मेणासारखी चिकट गोळी सापडली तर पहिल्या रात्री आरडाओरडा होतोच. तो ओसरल्यावर दोन प्रश्न शांतपणे विचारावेत: किती दिवसांपासून, आणि दिवसातून किती वेळा. कधीमधी घेणाऱ्याची आणि सकाळी उठल्याबरोबर लागते अशाची गोष्ट वेगळी. रोज घेणाऱ्याने एकदम सोडले की झोप उडते, भूक मरते, चिडचिड वाढते. पहिल्या आठवड्यात हे अधिक आणि मग हळूहळू ओसरते. घरच्यांना ही चिडचिड उद्धटपणा वाटते आणि तिथेच भांडण पेटते. संशय घेणे, कोणी मागावर आहे असे वाटणे, स्वतःशी बोलणे ही लक्षणे दिसली तर समुपदेशकाकडे थांबू नये, मनोविकारतज्ज्ञ गाठावा.

दिल्लीच्या एम्सने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या सुमारे ७२ लाख लोकांना भांग-गांजा-चरसाच्या सेवनापायी मदतीची गरज असल्याचे दिसले. मदत मागणाऱ्याला कायद्यानेही एक दार उघडे ठेवले आहे. कलम ६४-अ प्रमाणे, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊ लागला आणि ते पुरे केले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सूट काढून घेता येते. केंद्राची माहिती केंद्र सरकारच्या १४४४६ या मोफत दूरध्वनीवर मिळते. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली उभे केलेले मुक्तांगण आजही चालू आहे. तिथे रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांनाही बोलावतात.